परतीचं पाऊल

ऑक्टोबरचं ऊन चारकोपला आलं की पहिल्यांदा कपड्यांना कळतं. गॅलरीत घातलेली चादर अर्ध्या तासात पापडासारखी कडक होते. मग कुंड्यांना कळतं, मग रिक्षावाल्यांना, आणि सगळ्यात शेवटी माझ्या डाव्या मनगटाला. लोकांची मोडलेली हाडं पावसात दुखतात म्हणे. माझं मनगट जगाच्या उलट, ते उन्हात ठणकतं. हाडांच्या डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, असं काही नसतं. मी म्हटलं, बरं. मी स्वतः पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेण्याचं काम करते, त्यामुळे डॉक्टरांशी वाद घालू नये एवढी अक्कल मला आहे.

या कामानं माझी नजर बिघडवली आहे. चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, हात राहतात. बाजारात एखादी बाई हसून बोलायला लागली की मी तिच्या कोपराकडे बघते आणि मग मला आठवतं, अरे, ही तर डाव्या हाताची शीर न सापडणारी. म्हणूनच सात वर्षांपूर्वी माझी मुलगी सायली घरी येऊन म्हणाली, की क्लासच्या बाहेर रोज एक बाईकवाला उभा असतो, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो असा, की त्याचे हात कसे आहेत? ती म्हणाली, "आई, ग्लव्हज असतात गं. आणि हेल्मेट. काळी काच. तोंडच दिसत नाही."

सायली तेव्हा सतरा वर्षांची, बारावीत. पंधरा दिवस तो माणूस तिच्यामागे होता. क्लास सुटला की हळूहळू बाईक चालवत सेक्टरच्या वळणापर्यंत यायचा, काही बोलायचा नाही, काही करायचा नाही. चौकीवर गेलो तर म्हणाले, नंबर आणा. नंबरप्लेटवर चिखल होता. सोळाव्या दिवशी तो आला नाही, सतराव्या दिवशीही नाही. नंतर तो कधीच दिसला नाही. माझा नवरा म्हणाला, "गेला ना? सुटलो." मला मात्र तो दिसत होता तेव्हा जितकी भीती वाटली नव्हती तितकी तो दिसेनासा झाल्यावर वाटायला लागली. समोर असलेला माणूस कुठे आहे ते तरी कळतं.

तर त्या श्रावणात मी सायलीला घेऊन गावडे सरांकडे गेले.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, प्लास्टिकच्या बादल्या बनवणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर सरांचा गाळा होता. जिन्यातच तापलेल्या प्लास्टिकचा वास यायचा आणि खालचं मशीन दर दहा सेकंदांनी धप्प करायचं. सर मालवणकडचे, वडील गिरणीत होते. पोरवयात माझगावच्या बाजूला एका म्हाताऱ्या चिनी कवळीवाल्याकडे ते कुंग फू शिकले. दिवसा तो दात बसवायचा आणि संध्याकाळी मुलांना दात कसे पाडायचे ते शिकवायचा, असं सर स्वतःच सांगायचे. त्या म्हाताऱ्याचा फोटो भिंतीवर होता आणि त्याखाली शस्त्रं. साडेआठ फुटांची एक काठी, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळती. लाल गोंड्याचा भाला. एक रुंद पात्याची तलवार. आणि जोडसुऱ्या, आखूड, जाड पात्याच्या, मुठीपाशी आकडा असलेल्या. सुरीचं पातं ज्याच्या त्याच्या हाताच्या मापाचं असतं, मुठीपासून कोपरापर्यंत. सरांनी सायलीचा हात धरून माप घेतलं तेव्हा मी मनात म्हटलं, या माणसाला कळतं.

भाल्याचा गोंडा शोभेचा असेल असं मला वाटलं होतं. सर म्हणाले, "नाय ताई. रगात दांड्यावर उतरू नये म्हणून. हात सटकतो नायतर." आणि पुढच्या मुलाचा पाय सरळ करायला निघून गेले. सायलीनं गोंडा बोटांत धरून बघितला. मी तिला म्हटलं, हात धू.

पहिल्याच दिवशी मी सरांना स्पष्ट सांगितलं, की आम्हाला स्पर्धा नको, बेल्ट नको, ते नाचल्यासारखं असतं तेही नको. वेळ पडली तर वापरता येईल तेवढं शिकवा. सुऱ्या घेऊन कोणी रस्त्यावर फिरत नाही, तेव्हा छत्रीनं काय करता येईल ते दाखवा. सर हसले. म्हणाले, "छत्रीत सगळं येतं. सुरी, काठी, भाला. पण सहा महिने जातील."

"दसऱ्यापर्यंत व्हायला पाहिजे. दिवाळीनंतर तिला अंधेरीला टेस्ट सीरिजला एकटीनं जायचंय."

"इतकी घाय कित्याक, ताई?"

घाई का आहे ते सांगायला लागलं असतं तर मी रडले असते, आणि मला गाळ्यातल्या दहा पोरांसमोर रडायचं नव्हतं.

सरांची शिकवण्याची पद्धत ठरलेली होती. प्रत्येक शस्त्राचा एक क्रम. त्याच्या सुरुवातीला नमस्कार, डाव्या पंजावर उजवी मूठ. मग वार. आणि शेवटी एक गोष्ट, तिला सर परतीचं पाऊल म्हणायचे. शस्त्र अंगाजवळ परत घ्यायचं, एक पाऊल मागे जायचं, पाय जुळवायचे, श्वास सोडायचा आणि समोर कोण आहे ते नीट बघायचं. हे एवढंसं करायला ते इतका वेळ लावत की मला घड्याळाकडे बघावंसं वाटायचं. छत्रीचे वार तीन होते: मनगट, गुडघा, डोकं. सायली ते पंधरा दिवसांत शिकली. परतीच्या पावलावर मात्र सर पुन्हा पुन्हा अडायचे. "घाईत परत येतेस. बघतच नाहीस. परत कर."

एक दिवस मी बोललेच. "सर, ते शेवटचं राहू दे ना. वार झाला की ती पळणारच आहे. प्रॅक्टिकल तेवढं पक्कं करून घ्या."

सर म्हणाले, "ता पण प्रॅक्टिकलच असा, ताई."

पण मी फी भरणारी आई होते, माझा आवाज मोठा होता, आणि सर भिडस्त. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तीन वारांवर जोर दिला. छताला दोरीनं टेनिसचा चेंडू टांगलेला असायचा. मनगटाच्या उंचीवर, मग गुडघ्याच्या, मग डोक्याच्या. सायली मारायची, खालचं मशीन धप्प करायचं. भाद्रपद उलटेपर्यंत दोन्ही आवाज एका तालात यायला लागले. तिच्या तोंडावरचं ते सततचं बावरलेपण गेलं. मला केवढा आनंद झाला होता! आज ते तोंड आठवतं तेव्हा वाटतं, बावरलेपणाच्या जागी काय आलंय ते बघायचं माझ्याकडून राहून गेलं.

मुलीला सोबत म्हणून मीही शिकायला उभी राहिले होते. काठी माझ्या हातात आली की झाडू व्हायची, पोरं तोंड फिरवून हसायची. पण पाय माझे चांगले होते. सर म्हणायचे, लॅबमध्ये दिवसभर उभं राहून पाय तयार झालेत. टाचेवर भार न देता, पावलाची कड आधी टेकवून, आवाज न करता कसं चालायचं ते मी सायलीच्या आधी शिकले. सर सगळ्यांना म्हणाले, "बघा, ताई चालतात ता." चाळिशी उलटलेल्या बाईला असं कौतुक कुठे मिळतं!

आणि मी ते वापरलं. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. माझी पाळी सकाळची, दुपारी एकला मी मोकळी. सायली चारला क्लासला निघाली की मी पाच मिनिटांनी निघायची. तीस-चाळीस पावलं मागे. नको असलेली भाजी घेत, कोणाच्या तरी गेटवरच्या पाट्या वाचत. ती क्लासमध्ये शिरली की समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाशेजारी थांबायचं, सुटली की पुन्हा मागे. तिनं एकदाही वळून बघितलं नाही. मला माझ्या पायांचा अभिमान वाटायचा. त्या दोन महिन्यांत आमच्या घरात इतकी वांगी आली की नवरा म्हणाला, "बाई गं, आता भरीत पुरे."

ऊन तापलं, नवरात्र आलं. खंडेनवमीला इस्टेटमधली सगळी मशीनं बंद असतात. शटरांना झेंडूची तोरणं, लेथला हळदकुंकू, टेम्पोच्या चाकाखाली लिंबू. रोज जिथे कानठळ्या बसतात तिथे त्या दिवशी पायरीवरचा कावळासुद्धा ऐकू येतो. सरांच्या गाळ्यात पांढऱ्या चादरीवर शस्त्रं मांडली होती. चिनी भाल्याच्या लाल गोंड्यावर कुंकू वाहिलेलं दिसतच नव्हतं. सायलीनं आपली छत्री जोडसुऱ्यांच्या शेजारी ठेवली, काळी, लांब दांड्याची, मालाडच्या बाजारातून घेतलेली. सरांनी तिलाही फूल वाहिलं. एकदा पूजेला बसलेलं शस्त्र दसऱ्याची पूजा होईपर्यंत उचलायचं नाही, हा त्यांचा नियम होता. वर्षातून एक दिवस त्यांनापण विसावा, असं ते म्हणायचे.

पण सायलीच्या क्लासला नवमीची सुट्टी नव्हती. जेवण झाल्यावर मला एकदम जाणवलं, की आज ती छत्रीशिवाय जाणार. भर दुपारी दोन वाजता मी पुन्हा इस्टेटमध्ये गेले. सर एकटेच होते, आंब्याचा डहाळा बांधत होते. मी म्हटलं, छत्री न्यायला आले.

"ताई, एक दिवस."

"एकच दिवस लागतो, सर."

सरांनी छत्रीवरचं झेंडूचं फूल उचललं, छत्री होती त्या जागी चादरीवर ठेवलं आणि छत्री माझ्या हातात दिली. घरी येताना दांडा उन्हानं तापला होता. आणि माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की ही खरंच मारेल का, हे आज बघायचं. चेंडूला मारणं वेगळं. दिवाळीनंतर ती अंधेरीच्या गर्दीत असेल, तिथे मला तीस पावलांवर राहता येणार नाही. मला एकदा, फक्त एकदा, खात्री करून घ्यायची होती. सरही कधी कधी मुलांच्या मागून येऊन खांद्यावर हात ठेवत आणि त्यांची तयारी बघत. मी वेगळं काय करणार होते?

छत्री सायलीला दिली आणि ती आत तयार होत होती तोवर मी नवऱ्याचं विंडचीटर घातलं. त्याचे बूट घातले, मोजे दोन-दोन चढवून. आणि त्याचं जुनं हेल्मेट, काळ्या काचेचं. आरशात मी स्वतःकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित थांबले असते.

इस्टेटची भिंत आणि आमची सोसायटी यांच्यामध्ये एक बोळ आहे, क्लासला जायचा जवळचा रस्ता. चारचं ऊन, दोन्ही बाजूंची शटरं बंद, कुठे चिटपाखरू नाही. हार घातलेल्या एका टेम्पोमागे मी उभी होते. हेल्मेटच्या आत माझाच श्वास मला ऐकू येत होता. सायली आली, मान खाली घालून, छत्री उजव्या हातात. ती पुढे गेल्यावर मी निघाले. कड आधी, मग पाऊल. वीस पावलं, दहा, तीन. मी डावा हात पुढे केला आणि तिच्या खांद्यावर ठेवला.

मनगटाचा आवाज मला आधी ऐकू आला, दुखलं नंतर. लगेच गुडघा. मी खाली बसतेय तोवर डोक्यावर असा घाव आला की काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला. तड्याच्या दोन बाजूंना मला दोन सायली दिसत होत्या. ती मागे सरली नाही. छत्री उगारलेलीच होती. मग तिनं वाकून माझ्या हेल्मेटची काच वर केली आणि म्हणाली, "आई."

प्रश्न नव्हता त्यात. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही. दुखण्यानं माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकत होते, आणि तरीही, खोटं कशाला सांगू, मी आतून सुखावले होते. जमलं, पोरीला जमलं, हेच माझ्या मनात होतं.

हॉस्पिटलमध्ये आम्ही जिन्यावरून पडल्याचं सांगितलं. हातात सळी बसली. दोन महिने मला कोणाचं रक्त घेता आलं नाही. गावडे सर भेटायला आले, शहाळं घेऊन. त्यांना मी खरं सांगितलं, थोडं फुशारकीनंच. सरांनी एकच प्रश्न विचारला, "तिसऱ्या वारानंतर ती मागे गेली?"

"नाही. तिथेच उभी होती."

सरांनी माझ्या प्लास्टरकडे बघितलं. मग म्हणाले, "चूक माझी. अर्धा शिकवलंय." पुढे सायली त्यांच्याकडे कधी गेली नाही, आणि त्यांनीही बोलावलं नाही. अंधेरीच्या टेस्ट सीरिजला ती एकटी गेली. माझ्या हाताला झोळी होती, मला जाता येत नव्हतं. ती रोज वेळेवर परत आली.

यंदाच्या नवमीला सायली घरी आली होती. आता ती मुलुंडला मैत्रिणींबरोबर राहते, तिकडेच नोकरी करते. सणाला येते, दोन दिवस राहते, तिसऱ्या दिवशी तिला काहीतरी काम निघतं. आम्ही दोघी हॉलमध्ये तोरण ओवत बसलो होतो. पूजेसाठी मी माळ्यावरून ती छत्री काढली होती. दर वर्षी काढते. घरात दुसरं शस्त्र कुठलं? विळी आणि ती छत्री. पंखा जोरात होता, झेंडूच्या पाकळ्या जमिनीवर सरकत होत्या, आणि माझं मनगट ठणकत होतं म्हणून मी ते दाबत होते.

सायलीनं ते बघितलं. सुई थांबवून म्हणाली, "आई, तुला एक सांगायचंय. तू चिडू नको."

"बोल की."

"मला माहीत होतं."

"काय?"

"तू होतीस ते. तू हात ठेवलास ना, तेव्हा वास आला. स्पिरिटचा. तुझ्या हाताला कायम असतो. हेल्मेट घातलंस, बाबांचे बूट घातलेस, पण हात तर तुझाच होता."

मी म्हटलं, "अगं, वास येईपर्यंत तुझा हात चाललासुद्धा असणार. सवयच तशी लावली होती ना सरांनी."

"पहिला फटका तसाच गेला. तो हातानं मारला, मी नाही." तिनं झेंडूचं फूल उचललं, देठ खुडला. "पुढचे दोन माझे होते."

पंखा फिरत होता. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. मी विचारलं, "का गं?"

"तो माणूस पंधरा दिवस होता, आई. तू दोन महिने होतीस."

मी दाबून धरलेलं मनगट सोडलं.

"रोज. झेरॉक्सच्या दुकानापाशी. मला वाटायचं वळून बघावं आणि ओरडावं, जा ना घरी! पण मग तुला वाईट वाटलं असतं. म्हणून नाही बघितलं. रात्री झोपताना पण मागे कुणीतरी चालतंय असं वाटायचं. आणि ते त्याचे पाय नसायचे, तुझे असायचे. आवाज नसायचा ना, त्यामुळे तर जास्तच." मग ती म्हणाली, "सॉरी. हे सांगायचंच होतं कधीतरी."

तिनं सुई माझ्या हातात दिली आणि आत जाऊन तोंड धुऊन आली. मी फुलं ओवत राहिले. केशरी, पिवळं, केशरी, पिवळं. सात वर्षं मी ज्याला तिचं यश समजत होते, मिरवत होते, ज्याची पूजा करत होते, त्यातले दोन वार मला ओळखून मारलेले होते. मला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, काहीतरी धरायला मिळालं असतं. मला भीती वाटली. सात वर्षांपूर्वी त्या माणसाची वाटली होती तशीच. फरक एवढाच, की यावेळी काळ्या काचेमागे कोण होतं ते मला माहीत होतं.

दसऱ्याच्या दिवशी संध्याकाळी ती निघाली. आपट्याची पानं दिली, पाया पडली, मी तिच्या पाठीवरून हात फिरवायला गेले आणि मध्येच थांबवला. तिच्या ते लक्षात आलं. तिनंच माझा हात धरून, तोच डावा, स्वतःच्या गालाला लावला. म्हणाली, "पोचले की मेसेज करते. तू नको येऊ खाली."

"नाही येत," मी म्हटलं. आणि मला ते मनापासून म्हणायचं होतं.

दार लागलं. जिन्यावर तिची पावलं, मग गेटची कडी. मी खिडकीशी उभी राहिले. सरांनी सांगितलेलं इतक्या वर्षांनी करून बघितलं. एक पाऊल मागे घेतलं, पाय जुळवले, श्वास सोडला. खाली सायली कोपऱ्यापर्यंत गेली. वळण्याआधी ती थांबली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं मागे वळून रस्त्याकडे बघितलं. रस्ता रिकामा होता. ती वळली, दिसेनाशी झाली.

मग मी खाली बघितलं. माझ्या पायांत बाहेरच्या चपला होत्या. त्या मी कधी घातल्या, मला आठवत नाही.